गोव्यातून लघुग्रहांचा माग: घड्याळ लावण्यापासून धोक्याचा आकडा वाचण्यापर्यंत

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत २०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या धडकेची शक्यता चढत गेली. संभाव्य धडकेच्या पट्ट्यात तेव्हा अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. तेव्हापासून गोव्यातल्या शाळांत आणि आकाशनिरीक्षकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: आपल्याला इथून काही करता येईल का? करता येईल, आणि ते कामाचेही ठरते. पण सुरुवात करणारे बहुतेकजण ठरावीक ठिकाणी चुकतात. दुर्बीण आधी घेतात आणि घड्याळाचा विचार शेवटी करतात. नवा लघुग्रह शोधायला निघतात, पण माहीत असलेल्या लघुग्रहाचे स्थान नीट मोजायला शिकत नाहीत. धोक्याच्या यादीतला टक्का वाचतात, पण तो किती दिवसांच्या निरीक्षणांवर उभा आहे हे बघत नाहीत. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा १: आपले काम कोणते ते ठरवा

तीन वाटा आहेत.

दुर्बीण नसेल तर इंटरनॅशनल अॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशनच्या मोहिमेत गट नोंदवा. शुल्क नाही. पॅन-स्टार्स दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांचे संच मिळतात आणि अॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये हलणारे ठिपके शोधायचे असतात. शाळेच्या संगणक कक्षात हे सहज होते.

> सावधान: मुलांना सापडलेला ठिपका ही प्राथमिक नोंद असते. तो खरोखर नवा आहे का, हे पुढच्या निरीक्षणांतून ठरते. कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळायला वर्षे जातात, आणि नाव देण्याचा प्रश्न त्याही नंतरचा. "अमुक शाळेने लघुग्रह शोधला" अशी बातमी पहिल्याच आठवड्यात देऊ नका. मुलांनी केलेले काम खरे असते, त्याला खोटी झालर लावायची गरज नाही.

दुर्बीण आणि कॅमेरा असेल तर पाठपुरावा करा, म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेल्या लघुग्रहांची स्थाने मोजून पाठवा. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. तिसरी वाट फक्त धोक्यावर लक्ष ठेवण्याची. त्यांनी थेट टप्पा ८ वर जायला हरकत नाही, मात्र टप्पा ६ वाचून जा. आकडे कुठून येतात ते तिथे कळते.

## टप्पा २: आधी घड्याळ आणि जागा

प्रत्येक निरीक्षणात तीन गोष्टी जातात: लघुग्रह आकाशात कुठे दिसला, नेमका कधी आणि तुम्ही कुठून पाहिला. पहिली गोष्ट सॉफ्टवेअर मोजून देते. उरलेल्या दोन तुमच्या हातात आहेत, आणि घोटाळा तिथेच होतो.

वेळ. पृथ्वीजवळून जाणारा लघुग्रह मिनिटाला ६० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकत असेल, तर एका सेकंदात एक विकला सरकतो. घड्याळ दोन सेकंद चुकले की स्थान दोन विकलांनी चुकले. एरवी आपण अर्ध्या विकलेच्या आत राहायची धडपड करत असतो. विंडोजची मूळची वेळजुळणी यासाठी पुरत नाही. एनटीपीचे, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीचे, स्वतंत्र सॉफ्टवेअर बसवा आणि निरीक्षणाच्या निदान तासभर आधी संगणक सुरू ठेवून वेळ स्थिर होऊ द्या. सत्तरी किंवा सांगे भागात मोबाइलचे नेटवर्क येत-जात असेल, तर वेळेचा स्पंद देणारा जीपीएस रिसीव्हर घ्या. चांगल्या आयपीसआधी पैसे इथे घालावेत असे माझे ठाम मत आहे.

नोंद नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, करायची आणि ती एक्स्पोजरच्या मध्याची द्यायची, सुरुवातीची नव्हे. भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटे वजा केली की मध्यरात्रीनंतरच्या कामाची तारीखही मागे जाते. १५ जानेवारीच्या पहाटे २ वाजता घेतलेले चित्र यूटीसीत १४ जानेवारी, २०:३० चे असते. निरीक्षणे पाठवण्याच्या जुन्या नमुन्यात दिवस दशांशात लिहितात, म्हणजे १४.८५४१७. पाच दशांश स्थळे म्हणजे सुमारे ०.८६ सेकंद. वेगवान वस्तूसाठी सहा स्थळे हवीत.

जागा. "पणजी" एवढ्यावर भागत नाही. पणजी आणि वाळपई यांत हवाई अंतर तीसेक किलोमीटर आहे. १० लाख किलोमीटरवरून जाणारा लघुग्रह या दोन ठिकाणांहून ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे ६ विकलांच्या फरकाने दिसतो. तेव्हा दुर्बीण जिथे उभी राहणार, त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश घ्या.

उंचीबाबत गोव्यात एक खास अडचण येते. जीपीएस पृथ्वीच्या ज्या गणिती आकाराला, म्हणजे लंबगोलाला, धरून उंची मोजतो, त्याच्या तुलनेत आपल्या किनाऱ्याची समुद्रपातळी ६० मीटरांहून जास्त खाली आहे. त्यामुळे काही उपकरणे मिरामारच्या वाळूत उभे राहिल्यावर चक्क उणे उंची दाखवतात. उपकरण बिघडलेले नसते. आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे की लंबगोलापासूनचा, ते तपासा आणि कळवताना स्पष्ट लिहा.

> तपासा: दुसऱ्या माणसाला तुमची एक नोंद दाखवा आणि त्याला यूटीसीवरून भारतीय वेळ व तारीख काढायला सांगा. दोघांची उत्तरे जुळली तरच पुढे चला.

## टप्पा ३: ठिकाण एकदाच निवडा

सत्तरीतले आकाश पणजीपेक्षा कितीतरी काळे आहे यात वाद नाही. काणकोण आणि सांग्याकडचेही चांगले आहे. कळंगुट-बागा पट्ट्यातले दिवे सर्वांना माहीत आहेत. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्याच्या सड्यांवरही उजेड वाढला. तरीही अंधाराच्या मागे दर वेळी नवे ठिकाण शोधू नका. जगभरची लघुग्रह-निरीक्षणे गोळा करणारे मायनर प्लॅनेट सेंटर जो तीन अक्षरी संकेतांक देते, तो एका ठरावीक जागेचा असतो. फिरत्या निरीक्षकांसाठी २४७ हा संकेतांक आहे, पण त्यात दर निरीक्षणाला जागेचे आकडे जोडावे लागतात आणि नवशिक्याकडून तिथे हमखास चूक होते.

माझा सल्ला असा: घराच्या गच्चीवरून निम्मे आकाश तरी मोकळे असेल आणि डोळ्यावर थेट दिवा येत नसेल, तर गच्चीच धरा. महिन्याकाठी एकदा सत्तरीत जाण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा गच्चीवर जाणे जास्त निरीक्षणे देते. अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायचे असेल तर वन खात्याची परवानगी आधी घ्या.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. संध्याकाळी खारा वारा असतो तोवर हवा दमट राहते. रात्र चढली आणि मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, सुटली की आकाश निवळते. आतल्या तालुक्यांत मात्र पहाटे धुके आणि दंव येते. दुर्बिणीच्या तोंडाला दंवरोधक तापपट्टी हवीच. जून ते सप्टेंबर सगळे साहित्य सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर चवथीपर्यंत काचेवर बुरशीची जाळी दिसू लागते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आरसा उघडा ठेवूच नये. खारट ओल मुलाम्याला खाते.

## टप्पा ४: दुर्बीण-कॅमेऱ्याचे गणित

आठ इंची न्यूटनियन दुर्बीण, मोटर असलेली विषुववृत्तीय बैठक आणि कृष्णधवल कॅमेरा एवढ्यावर काम सुरू होते. पाहायची गोष्ट म्हणजे एक पिक्सेल आकाशाचा किती भाग व्यापतो:

पिक्सेलचा आकार (मायक्रॉन) × २०६ ÷ नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ (मिलिमीटर) = विकला प्रति पिक्सेल

३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १००० मिलिमीटर नाभीय अंतर घेतले तर सुमारे ०.७८ येते. दोन-दोन पिक्सेल एकत्र केले की १.५५. ताऱ्याचा ठिपका दोन-तीन पिक्सेल रुंद पडायला हवा. त्याहून बारीक मोजपट्टीने प्रकाश विखुरतो, त्याहून जाड झाली तर ठिपक्याचे केंद्र नीट सापडत नाही. फिल्टर लावू नका, प्रकाश वाया जातो.

## टप्पा ५: लक्ष्य आणि चित्रे

पहिले लक्ष्य पृथ्वीनिकट लघुग्रह नको. मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातले, क्रमांक मिळालेले, १४ ते १६ प्रतीचे लघुग्रह घ्या (प्रत हे तेजाचे माप, आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक). त्यांच्या कक्षा इतक्या पक्क्या आहेत की फरक दिसलाच तर तो तुमचा आहे असे समजावे. हात बसला की माहितीतले पृथ्वीनिकट लघुग्रह घ्या, म्हणजे सूर्याच्या १.३ खगोलीय एककांच्या आत येणारे (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर).

मायनर प्लॅनेट सेंटरच्या पंचांग सेवेत आपले अक्षांश-रेखांश घालून रात्रीचा तक्ता काढा. त्यातला सरकण्याचा वेग बघा आणि एक्स्पोजर त्यावरून ठरवा:

ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी (विकला) ÷ वेग (विकला प्रति मिनिट) = जास्तीत जास्त एक्स्पोजर (मिनिटे)

ठिपका ३ विकला आणि वेग मिनिटाला ६ विकला असेल तर अर्धा मिनिट. त्याहून लांब एक्स्पोजर दिले की लघुग्रहाची रेघ होते आणि रेघेचा मध्य शोधण्यात अचूकता जाते. अंधुक लघुग्रहासाठी अनेक छोटी चित्रे घ्या आणि त्याच्याच वेगाने व दिशेने एकावर एक रचा. ही सोय अॅस्ट्रोमेट्रिकात आहे, टायको ट्रॅकर हे काम आणखी खोलवर करते.

वीस ते चाळीस मिनिटांच्या अवधीत तीन-चार स्वतंत्र स्थाने मिळतील असा बेत करा. एकाच रात्री वीस स्थाने पाठवून फायदा होत नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तीन मिळवणे जास्त मोलाचे.

खोटा लघुग्रह कसा तयार होतो. आपल्या उबदार रात्री, विशेषतः शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्यात, बरेच पिक्सेल आपोआप उजळतात. बैठकीचा ध्रुवरोख (खगोलीय ध्रुवाकडे लावलेली दिशा) थोडा चुकलेला असेल तर अर्ध्या तासात तारे सेन्सरवर, समजा, दहा पिक्सेल सरकतात. सॉफ्टवेअर चित्रे ताऱ्यांवर जुळवते. मग तारे स्थिर दिसतात आणि जागचा न हललेला तो उजळ पिक्सेल सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने चालू लागतो. हुबेहूब लघुग्रह! ओळखायची खूण अशी: अशा "लघुग्रहां"ची दिशा आणि वेग सगळीकडे एकच असतो, आणि न जुळवलेल्या मूळ चित्रांत तो ठिपका प्रत्येक वेळी त्याच पिक्सेलवर सापडतो. डार्क चित्रे (दुर्बिणीचे तोंड झाकून घेतलेली) त्याच तापमानाला घ्या आणि दर दोन-तीन चित्रांनंतर दुर्बीण किंचित हलवा.

> तपासा: प्रत्येक संशयास्पद ठिपक्याचे मूळ चित्रातले पिक्सेल-स्थान लिहून ठेवा. ताऱ्यासारखा पसरट ठिपका आहे की एकच धारदार पिक्सेल, हेही बघा.

भूस्थिर उपग्रहांचा पट्टा गोव्यातून उणे पावणेतीन अंश क्रांतीच्या (क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) आसपास दिसतो. तिथे रेघा दिसणे साहजिक आहे. खरा त्रास लांबच्या कक्षेतल्या मानवनिर्मित वस्तूंचा, कारण त्या लघुग्रहासारख्या सावकाश चालतात. जानेवारी २०२५ मध्ये २०१८ सीएन४१ म्हणून नोंदलेली वस्तू अवकाशात सोडलेली टेस्ला रोडस्टर मोटार निघाली आणि एका दिवसात यादीतून काढावी लागली. अनुभवी लोकांचीही अशी गफलत होते, तेव्हा ही शक्यता दर वेळी पडताळायची.

## टप्पा ६: मोजमाप

मोजणीसाठी युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया मोहिमेची तारकासूची निवडा. जुन्या सूच्यांतली चूक तुमच्या आकड्यांत उतरते. सॉफ्टवेअर चित्रातले तारे सूचीशी जुळवते आणि त्यावरून लघुग्रहाचे विषुवांश व क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, काढते. ताऱ्यांच्या जुळणीतला सरासरी फरक ०.३ विकलांच्या आसपास असावा. जास्त येत असेल तर आधी नाभीयन आणि नाभीय अंतराचा भरलेला आकडा तपासा.

मग आपली स्थाने ज्ञात कक्षेशी ताडून उरलेला फरक बघा. अर्ध्या विकलेच्या आत चांगले. एक विकलेच्या पुढे गेले तर थांबा आणि कारण शोधा. कारण फरकाच्या दिशेतून कळते:

- फरक कधी इकडे, कधी तिकडे असेल तर ठिपका अंधुक आहे. जास्त चित्रे रचा.
- फरक लघुग्रहाच्या वाटेवरच आणि सतत एकाच बाजूला असेल तर घड्याळ चुकले आहे. लघुग्रह जितका वेगवान तितका हा फरक मोठा.
- एकच स्थान वेगळे पडले असेल तर ते चित्र मोठे करून पाहा. बहुधा लघुग्रह एखाद्या मंद ताऱ्यावरून गेलेला असतो.

> सावधान: फरक जास्त आला एवढ्याच कारणाने स्थान गाळू नका. चित्रात दोष दिसला तरच गाळा. कक्षेला जुळतील तेवढीच निवडून पाठवली, तर तुम्ही नवीन काहीच सांगत नाही.

## टप्पा ७: संकेतांक आणि पाठवणी

पहिल्या वेळी एक्सएक्सएक्स हा तात्पुरता संकेतांक लिहून, क्रमांकित लघुग्रहांची निदान दोन रात्रींची निरीक्षणे पाठवायची, सोबत जागा, उपकरण, निरीक्षक आणि मोजणाऱ्याची माहिती. लघुग्रह किती आणि कोणते हवेत याचे चालू नियम मायनर प्लॅनेट सेंटरच्या पानावर वाचून मगच पाठवा. गुणवत्ता पटली की जागेला संकेतांक मिळतो.

निरीक्षणे लिहायला आता एडीईएस हा नमुना वापरावा. त्यात वेळेची आणि स्थानाची अनिश्चितता लिहिता येते, ८० स्तंभांच्या जुन्या नमुन्यात ती सोय नव्हती. पाठवण्यापूर्वी फाइल वैधता-तपासणीतून काढा. एकच निरीक्षण दोनदा पाठवू नका. आणि माहितीतला लघुग्रह नवा म्हणून कळवायच्या आधी त्या जागी त्या वेळी कोणते ज्ञात लघुग्रह होते, हे एमपीचेकरमध्ये बघा.

संकेतांक आल्यावर मायनर प्लॅनेट सेंटरच्या पृथ्वीनिकट पुष्टीपानाकडे वळा. तिथे नुकत्याच दिसलेल्या, कक्षा अजून न ठरलेल्या वस्तू असतात. तुमच्या आवाक्यातल्या, आठ इंचीसाठी १८ प्रतीपर्यंतच्या, निवडा. अनिश्चिततेचा नकाशा तुमच्या चित्राच्या चौकटीत मावतो का ते पाहा. मावत नसेल तर ती वस्तू मोठ्या क्षेत्राच्या दुर्बिणींना सोडा. मोजणी त्याच रात्री पाठवा. दोन दिवसांनी पाठवलेली स्थाने कक्षेच्या नोंदीत जातात, पण तोवर वस्तू हरवलेली असू शकते.

## टप्पा ८: धोका कसा वाचायचा

दोन याद्या शेजारी उघडा: अमेरिकेतल्या नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची सेंट्री आणि युरोपीय अवकाश संस्थेची धोका-यादी. दोन्हीकडची गणिते स्वतंत्र असतात. आकडे ढोबळमानाने जुळत असतील तर पुढे वाचा. क्रम असा ठेवा.

पहिले, निरीक्षणांचा कालावधी. तीन दिवसांच्या निरीक्षणांवर काढलेला टक्का आणि तीन वर्षांच्या निरीक्षणांवर काढलेला टक्का एका मापाने वाचू नका.

दुसरे, आकार. तेजस्वितेचा एच हा आकडा २२ असेल तर सरासरी परावर्तन धरून व्यास १४० मीटर येतो. पृष्ठभाग काळपट असेल तर तोच सुमारे २३५ मीटर, उजळ असेल तर १०५. बातमीतला "अमुक मीटरचा" हा आकडा बहुतेकदा असा अंदाज असतो.

तिसरे, टोरिनो मापनी. ० ते १०. शून्य म्हणजे दखल घेण्याजोगा धोका नाही, १ नेहमीचे, २ ते ४ खगोलशास्त्रज्ञांनी लक्ष द्यावे असे, त्यापुढे गंभीर, आणि ८ ते १० खात्रीच्या धडकेसाठी. आजवरचा उच्चांक ४, तो अपोफिस या लघुग्रहाला डिसेंबर २००४ मध्ये मिळाला होता.

चौथे, पालेर्मो मापनी. ही धोक्याची तुलना त्याच काळात तेवढ्याच किंवा मोठ्या दगडाच्या सरासरी धोक्याशी करते. शून्य म्हणजे बरोबरी, उणे २ म्हणजे शंभरावा हिस्सा.

"संभाव्य धोकादायक" हा शिक्का मात्र धडकेची शक्यता सांगत नाही. कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ०.०५ खगोलीय एककांच्या, म्हणजे ७५ लाख किलोमीटरच्या आत येते आणि एच २२ किंवा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. "४० लाख किलोमीटरवरून जाणार" या बातमीला चंद्राच्या दहापट अंतर असे वाचा.

आता टक्का चढण्याबद्दल, कारण सर्वात जास्त घबराट तिथेच होते. समजा, धडकेच्या दिवशी लघुग्रह १२ लाख किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो आणि पृथ्वी त्या पट्ट्यात आहे. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे शक्यता साधारण १ टक्का. नवी निरीक्षणे आली, पट्टा ४ लाखांवर आला, पृथ्वी अजून आतच आहे: शक्यता ३ टक्क्यांवर. लघुग्रह जवळ आलेला नसतो, आपले अज्ञान कमी झालेले असते. पट्टा आणखी आखडला आणि पृथ्वी बाहेर पडली की आकडा एकदम कोसळतो.

२०२४ वायआर४ चे अगदी असेच झाले. २७ डिसेंबर २०२४ ला, पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाल्यावर, तो सापडला. २७ जानेवारीला २२ डिसेंबर २०३२ च्या धडकेची शक्यता १ टक्क्यापुढे गेली आणि टोरिनो ३ झाला. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. त्याच महिनाअखेर टोरिनो शून्यावर होता. अपोफिसच्या बाबतीत डिसेंबर २००४ मध्ये, त्या वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या चित्रांत तो सापडला आणि २०२९ ची धडक त्याच डिसेंबरात बाद झाली.

> सावधान: ३ टक्के ही तेव्हा खरी शक्यता होती. "घाबरवायला सांगतात" म्हणून ती उडवून लावणे घबराट पसरवण्याइतकेच चुकीचे आहे. दहा मीटरपेक्षा मोठ्या वस्तूची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली की आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळे अधिकृत सूचना काढते. ती सूचना आहे का, हे बघा आणि पुढे पाठवताना तारीख व निरीक्षणांचा कालावधी सोबत लिहा. आकड्याचा नुसता फोटो पाठवू नका, आठवड्यात तो शिळा होतो.

## टप्पा ९: २०२९ ची तयारी

अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी २१:४६ यूटीसीला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. भारतीय वेळेनुसार ती १४ एप्रिलची पहाटे ३:१६. पुढच्या शंभर वर्षांत त्याच्या धडकेची शक्यता २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर बाद झाली आहे, त्यामुळे हा निव्वळ सरावाचा प्रसंग आहे.

जेपीएलच्या होरायझन्स सेवेत आपल्या गच्चीचे आकडे घालून त्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दर दहा मिनिटांचा तक्ता आजच काढा. क्षितिजापासूनची उंची, दिशा आणि वेग या तीन स्तंभांवर खुणा करा. तुमच्या गच्चीवरून तो कोणत्या वेळेपर्यंत दिसेल आणि पश्चिमेला माड आड येतात का, हे त्यावरून कळेल. अगदी जवळ असताना त्याचा वेग तासाला ४० अंशांच्या घरात असेल. नेहमीची बैठक त्याच्या मागे धावणार नाही, एक्स्पोजर सेकंदाच्या अंशात द्यावे लागेल आणि वेळ मिलिसेकंदांत हवी. याचा सराव उपग्रहांवर होतो: कक्षा नेमकी माहीत असलेला जीपीएस उपग्रह घ्या, छोट्या एक्स्पोजरने त्याचे स्थान मोजा, आणि फरक वाटेवर एका बाजूला पडतो का ते तपासा. एप्रिलमध्ये गोव्यातली हवा दमट आणि धुरकट असते, म्हणून हा सराव जानेवारीच्या स्वच्छ रात्री करून थांबू नका. एप्रिलमध्येही करा.